औषधाची पारख : वहीतली टिपणे

इराकमधल्या निप्पूरला सापडलेली मातीची एक पाटी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमाराची. एका सुमेरियन वैद्याने तिच्यावर आपले औषधी पाठ कोरून ठेवले आहेत. हिंग, खजूर, अंजीर, मीठ, सोरा, कासवाची पाठ अशी द्रव्ये. काही कुटून बिअरमधून प्यायची, काहींचा तेलात खलून लेप लावायचा. मंत्रतंत्राचा एक शब्द नाही, याचे अभ्यासकांना मोठे कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. पण मी उमेदीची वर्षे औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे माझी नजर आधी दुसरीकडे जाते. पाटीवर प्रमाण कुठेच नाही. कोणते द्रव्य किती घ्यायचे, रोग्याला किती आणि कितीदा द्यायचे, काही लिहिलेले नाही.

*

औषध शोधणाऱ्यांच्या गोष्टी आपण शाळेपासून वाचतो. शोधलेले औषध पुडीत खरोखर आहे का, हवे तेवढेच आहे का, सोबत भलते काही आलेले नाही ना, हे बघणाऱ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. माझ्या मते औषधनिर्माणाचा निम्मा इतिहास त्यांचाच आहे. ही टिपणे त्या निम्म्या इतिहासाची.

*

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. द्रव्याचे गुण असे: ते मुबलक मिळावे, रोगाला योग्य असावे, काढा-चूर्ण-आसव अशा अनेक रूपांत बनवता यावे आणि निर्दोष, रसवीर्याने भरलेले असावे. दुसऱ्या एका ठिकाणी चरक सांगतो की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक जाणतात. मात्र तेवढ्याने औषध कळले असे होत नाही. नीट न ओळखलेल्या औषधाला तो विष, शस्त्र, अग्नी यांच्या पंगतीला बसवतो.

म्हणजे ओळख पटवणे ही पहिली पायरी, हे तेव्हाच ठरलेले होते. आजच्या प्रयोगशाळेतही कुठल्याही कच्च्या मालाची पहिली चाचणी ओळखीचीच असते. शुद्धता आणि सामर्थ्य नंतर बघायचे.

*

बाळगुटी. वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, हिरडा, मुरडशेंग, नागरमोथा, अतिविष, काकडशिंगी, बदाम, खारीक. सहाण स्वच्छ धुवायची, तीवर आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी, आणि एकेक काडी धरून उगाळायची. इथे मात्रा वजनाने मोजत नाहीत, वेढ्यांनी मोजतात. वेखंडाचा एक, जायफळाचा जेमतेम अर्धा, बदामाचे चार-पाच. बाळ महिना-महिन्याने मोठे होते तसे वेढे वाढतात. जायफळाचा हात सैल पडला तर मूल गुंगून पडते, हे घरातल्या जुन्या बायकांना पक्के ठाऊक असते. म्हणून त्या जायफळाची काडी नव्या आईच्या हातात लवकर देत नाहीत.

काडीची जाडी, दगडाचा खरबरीतपणा, हाताचा दाब, सगळेच बदलते. तरीही मोजण्याची पद्धत आहे, आणि धोक्याच्या द्रव्यावर सर्वांत कडक पहारा आहे. वेखंडाबद्दल आजचे बालरोगतज्ज्ञ सावध करतात, तेही ऐकायला हवे.

*

गॅलन हा रोमन साम्राज्यातला दुसऱ्या शतकातला मोठा वैद्य. एजियन समुद्रातल्या लेमनॉस बेटावरची तांबडी माती तेव्हा विषबाधेवर आणि जखमांवर नावाजलेली होती. तिच्या वड्या करून त्यांवर देवीचा शिक्का उमटवत. जुन्या ग्रंथात डायोस्कोरायडीसने लिहिले होते की या मातीत बोकडाचे रक्त मिसळतात. गॅलन बेटावर स्वतः गेला, पुजारीण माती कशी काढते, धुते, वाळवते ते पाहिले, आणि रक्ताबद्दल विचारले. लोक हसले. त्याने हजारो वड्या सोबत नेल्या.

शिक्का मारलेली औषधाची वडी, आणि ती जिथे बनते तिथे जाऊन खात्री करणारा वैद्य! आज औषध कंपन्या कच्च्या मालाच्या पुरवठादाराकडे ऑडिटला माणूस पाठवतात, तो याच कामाला. पुढे त्या शिक्क्याच्याही नकला झाल्या.

*

बगदादची ही गोष्ट मला फार आवडते. इब्न अबी उसैबिया या तेराव्या शतकातल्या चरित्रकाराने ती नोंदवली आहे.

नववे शतक. बगदादमध्ये औषधविक्रेत्यांची स्वतंत्र दुकाने होती. खलिफा मामूनच्या कानावर तक्रार गेली की हे लोक काहीही मागा, आहे म्हणतात आणि हाताला येईल ते देतात. खलिफाने एका गावाचेच नाव औषध म्हणून सांगून माणसे पिटाळली. कुणी बिया आणल्या, कुणी दगड, कुणी आणखी काही. पुढे अफशीन या सेनापतीने आपल्या छावणीतल्या विक्रेत्यांची अशीच परीक्षा घेतली. औषधांची वाटावीत अशी वीस नावे यादी करून दिली. त्यांतले एकही औषध नव्हते. काही विक्रेत्यांनी सरळ सांगितले की ही द्रव्ये आम्हाला माहीत नाहीत. इतरांनी पैसे घेतले आणि पुड्या बांधून दिल्या. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना छावणीत राहण्याचा परवाना मिळाला. बाकीच्यांना हाकलून दिले.

औषध विकण्याच्या परवान्याची याहून चोख परीक्षा मला माहीत नाही.

*

त्याच प्रदेशात बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाराव्या शतकात शैजरी याने अशा अधिकाऱ्यांसाठी हातपुस्तिका लिहिली, तीत औषधांतली भेसळ कशी पकडायची ते दिले आहे. वंशलोचनात भट्टीत जाळलेल्या हाडांची पूड मिसळत. ते पाण्यात टाकायचे, हाडे तळाला जातात, वंशलोचन तरंगते.

वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारी सिलिका. आपल्याकडे सितोपलादि चूर्णात ते लागते. आज बाजारात त्या नावाने पुष्कळदा कारखान्यातली कृत्रिम सिलिका मिळते. शैजरीची पाण्याची कसोटी तिला पुरणार नाही, पण प्रश्न नऊशे वर्षांपूर्वीचाच आहे.

*

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने कायदा केला: वैद्याने औषधाचे दुकान चालवायचे नाही, औषधविक्रेत्याशी भागीदारी करायची नाही, औषधे शपथेवर बनवायची आणि किमती ठरवून दिल्याप्रमाणे घ्यायच्या. लिहून देणारा आणि विकणारा यांचे हात एकमेकांच्या खिशात असता कामा नयेत, हे आठशे वर्षांपूर्वी कागदावर आले. कमिशन आणि ‘कट’ यांच्या बातम्या वाचताना मला हा कायदा आठवतो आणि राग येतो.

*

थेरियाक. नीरो बादशहाचा वैद्य अँड्रोमाकस याने पक्का केलेला पाठ. साठाहून अधिक द्रव्ये: अफू, मिरी, दालचिनी, आणि मुख्य म्हणजे विषारी सापाचे मांस. विषावरचा उतारा म्हणून सुरुवात झाली, पुढे प्लेगपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला तेच. सर्वांत नाव होते व्हेनिसच्या थेरियाकचे, कारण ते उघड्यावर, सरकारी अधिकारी आणि वैद्य यांच्या देखत बनवले जाई. द्रव्ये आधी मांडून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्याने डोळ्यांनी पाहून घ्यावीत.

भेसळ होऊ नये म्हणून इतका बंदोबस्त. आणि ते मुळात गुणकारी आहे का? विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टराने १७४५ मध्ये थेरियाकवर जाहीर हल्ला चढवला, तेव्हा नीरोला जाऊन जवळपास सतराशे वर्षे झाली होती. ‘शुद्ध आहे का’ आणि ‘उपयोगी आहे का’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे माणसाला फार उशिरा उमगले. औषध गुणकारी असल्याचा पुरावा बाजारात येण्याआधी द्या, ही अट अमेरिकेच्या कायद्यातसुद्धा १९६२ मध्ये आली.

*

गार्सिया द ओर्ताबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा आपल्या मातीत घडलेला इतिहास आहे आणि पणजीच्या महापालिका उद्यानाला असलेल्या नावापलीकडे तो फारसा कुणाला माहीत नाही.

पोर्तुगालमध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले, त्यांतल्या एका कुटुंबातला हा डॉक्टर. १५३४ मध्ये गोव्यात उतरला तो परत गेलाच नाही. अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, तिथल्या हकिमांशी वाद घातले, द्रव्यांची अरबी, दख्खनी, गुजराती नावे टिपून घेतली. मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून त्याला खंडाने मिळाले होते. तिथल्या आपल्या आंब्याविषयी तो कौतुकाने लिहितो. १० एप्रिल १५६३ ला गोव्यात त्याचे पुस्तक छापून झाले. हिंदुस्थानातली औषधी द्रव्ये हा विषय आणि संवादांची मांडणी. मुद्रणाच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रालाच पाने लागली. तरी भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक.

संवाद दोघांचा. रुआनो हा स्पेनमध्ये शिकून आलेला डॉक्टर, ग्रीकांचे ग्रंथ तोंडपाठ. दुसरा ओर्ता स्वतः. रुआनो डायोस्कोरायडीसचा दाखला देतो. ओर्ता म्हणतो, थांब, प्रत्यक्षच बघू. मग अँतोनिया नावाच्या दासीला हाक जाते आणि ती फांदी किंवा फळ आणून समोर ठेवते. सबंध पुस्तकाची पद्धतच ही. प्राचीनांच्या नावाने मला घाबरवू नका, मला माहीत आहे ते आणि खरे तेच सांगेन, असा त्याचा बाणा. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

हिंगावर सबंध संवाद आहे. हिंदुस्थानभर याच्याइतके वापरात दुसरे काही नाही, असे तो म्हणतो. कापरावर आहे: बोर्निओचा कापूर, ज्याला आपण भीमसेनी म्हणतो, तो दाण्याच्या आकारावरून चाळून प्रतवारीने विकत आणि चिनी कापरापेक्षा त्याचा भाव कितीतरी चढा असे. धोत्र्यावर आहे: चोर तो अन्नात कालवून घरातल्या माणसांना भ्रमिष्ट करत. पटकीचे वर्णन आहे, युरोपीय डॉक्टराने डोळ्यांनी पाहून केलेले. मला या सगळ्यात मोलाचे वाटते ते हे की द्रव्य कुठल्या बंदरातून येते, कुठे मिसळण होते, खरे कसे ओळखायचे, हे तो व्यापाऱ्यांना विचारतो आणि त्यांचे ऐकतो. गोव्यातल्या हिंदू वैद्यांशीही त्याचे बोलणे होते.

१५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश काढला आणि युरोपभर तोच वाचला गेला. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळून मारले. आरोप असा की घराण्याने गुपचूप ज्यू धर्म पाळला. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

पणजीला गेलात तर त्या बागेत थोडा वेळ बसा.

*

आणखी एक, कोचीनचे. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणारे मुख्य दोन पक्ष. एक इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य. दुसरे तीन कोकणी वैद्य: रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट. गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या समाजातले. वनस्पतींची माहिती आम्ही तपासून दिली आहे, असे या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. कोकणी भाषेत, नागरी लिपीत, त्यांच्या सह्यांसह. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या फार जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

औषधी द्रव्यांची खातरजमा केल्याचा दाखला, खाली जबाबदार माणसांची नावे. आजच्या विश्लेषण अहवालाच्या तळाशी सही असते, तशीच ही.

*

भस्माच्या पारंपरिक कसोट्या एकदा बघून घ्याव्यात. चिमूटभर भस्म अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचे. बोटांच्या रेषांत शिरून बसले तर ‘रेखापूर्ण’. स्थिर पाण्यावर हलकेच सोडायचे; तरंगले तर ‘वारितर’. त्या तरंगत्या थरावर भाताचा दाणा ठेवायचा. तोही पेलला तर आणखी उत्तम. अभ्रकभस्म उन्हात धरायचे. एकही कण चमकता कामा नये. उपकरण नाही, वीज नाही, आणि कण किती बारीक झाला याचा इतका नेमका अंदाज! रसशास्त्राच्या या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या कसोट्या बारीकपणा सांगतात, धातू पुरता मारला गेला का तेही सांगतात. शिसे किंवा पारा शरीरात किती जाईल हे सांगत नाहीत. त्याला यंत्रच लागते, आणि परंपरेच्या अभिमानापोटी यंत्राला नकार देणारे परंपरेचेच नुकसान करतात.

*

सिंकोनाची साल हिवतापावर चाले, पण प्रत्येक झाडाची साल वेगळी, आणि व्यापारात भलत्याच झाडांच्या साली मिसळत. १८२० मध्ये पॅरिसला पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून क्विनाइन वेगळे काढले. आता औषध तोलता येऊ लागले. शतकाच्या शेवटी बंगालमध्ये पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनाइनची ठरलेल्या वजनाची पुडी मिळे. पेरूच्या जंगलातली साल ते खेड्यातल्या पोस्टातली पुडी, हे अंतर तराजूमुळे तुटले.

*

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातले मलकोवाल गाव. वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून आलेली प्लेगची लस त्या दिवशी १०७ जणांना टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. सगळे १९ एकाच बाटलीचे: क्रमांक ५३-एन. मुंबईत प्लेग आला तेव्हा तीन महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेणारा हा माणूस. त्याला पदावरून दूर केले गेले. चौकशीत पुढे आले की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. दोष परळचा नव्हता. निर्दोष ठरायला हाफकिन यांना १९०७ साल उजाडावे लागले.

बाटलीला क्रमांक होता म्हणून निदान एवढे तरी कळले. आज प्रत्येक पाकिटावर बॅच क्रमांक असतो. त्या बारीक अक्षरांच्या मागे असे १९ जीव आहेत.

*

दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यायची, हे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. डॉक्टर चिठ्ठी खिडकीतून आत सरकवत. आतला कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून मोजपात्राने ओतून मिक्श्चर तयार करी, बूच दाबून बाटली हलवी, आणि मग कागदाच्या पट्टीला घडी घालून कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडून ती खळीने बाटलीवर उभी चिकटवी. दोन खाचांमधले अंतर म्हणजे एक डोस. अक्षर न वाचता येणारी आजीही खाच बघून औषध घेई. मुख्य म्हणजे बाटलीत काय आहे हे सांगायला एक जिवंत माणूस खिडकीच्या पलीकडे उभा असे. कंपाउंडरांवर कुणी फारसे लिहिले नाही. लिहायला हवे.

*

१९४० चे ऑक्सफर्ड. पेनिसिलिन अजून शुद्ध रूपात कुणी पाहिलेले नाही, मग द्रावणात ते किती आहे हे मोजायचे कसे? नॉर्मन हीटली यांनी युक्ती काढली. जंतू पेरलेल्या आगरच्या ताटलीवर छोट्या नळ्या उभ्या करायच्या, त्यांत द्रावण भरायचे, ताटली रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी प्रत्येक नळीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ कडे दिसते. कडे जितके रुंद तितके औषध जोरकस.

तीच पद्धत मीही वापरली आहे. सकाळी उबवणपेटी उघडली की एक आंबूस वास येतो. ताटली उजेडासमोर धरायची, गढूळ पार्श्वभूमीवर वाटोळी पारदर्शक कडी, आणि कॅलिपरने व्यास मोजायचा. मिलिमीटरचा दशांश चुकला तरी हिशेब बदलतो. दुसऱ्याने पुन्हा मोजायचे, पहिल्याचा आकडा न बघता.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागले. माळरानावर टाक्यांत बुरशी वाढू लागली आणि देशाला औषधांसाठी हात पसरणे कमी झाले.

*

१९३७, अमेरिका. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टलची मॅसेंगिल कंपनी. सल्फानिलामाइड हे जंतूंवरचे नवे औषध गोळीत मिळत होते. मुलांसाठी पातळ हवे होते. कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले, रास्पबेरीचा स्वाद घातला. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते पोटात गेल्यावर काय करते हे कुणी पाहिले नाही, कारण कायद्याने तशी सक्ती नव्हती.

डायएथिलीन ग्लायकॉल गोडसर, दाट, ग्लिसरीनसारखे दिसणारे. शरीरात ते मूत्रपिंडे निकामी करते. लघवी बंद होते, पोट दुखते, मूल तळमळते. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कितीतरी मुले. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरून बाटल्या गोळा करत होते, आणि त्यांच्या हातातला कायदा एवढाच की ‘एलिक्झिर’ म्हणून विकले त्यात अल्कोहोल नाही, म्हणजे लेबल चुकीचे. औषधाला ‘द्रावण’ म्हटले असते तर जप्तीचा अधिकारही उरला नसता. १९३८ मध्ये नवा कायदा झाला: आधी सुरक्षिततेचा पुरावा, मग विक्री.

त्या विषाचा अभ्यास करणाऱ्या शिकागोच्या गटात फ्रान्सिस केल्सी नावाची तरुण विद्यार्थिनी होती. १९६० मध्ये तीच अमेरिकी औषध प्रशासनात रुजू झाली आणि थॅलिडोमाइडची फाइल तिच्या टेबलावर आली. कंपनी घाई करत राहिली. पुरावा अपुरा आहे म्हणून ती सही नाकारत राहिली. युरोपात त्या औषधाने हजारो बाळे हातपाय अर्धवट घेऊन जन्मली. अमेरिका बऱ्याच अंशी वाचली. न केलेल्या सहीने वाचलेल्या मुलांची नावे कुठल्याच यादीत नसतात, म्हणून या बाईंचे नाव आपल्या मुलांना सांगावे.

*

पण डायएथिलीन ग्लायकॉलचे तेच विष आपल्याकडे पुन्हा पुन्हा आले. १९७२ मद्रास. १९८६ मुंबई: जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून गेले. ग्लिसरीन औद्योगिक वापराचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून प्रशासनापर्यंत सगळी साखळी उघडी पाडली. त्यानंतर १९९८ मध्ये गुरुग्राम आणि दिल्ली. २०२० मध्ये उधमपूर. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. सिरपच्या तपासणीत सापडलेले प्रमाण ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्क्याची असते.

चाचणी किती अवघड आहे म्हणावे? काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पांढरा थर. खालच्या कडेला केशनळीने तीन ठिपके: शुद्ध ग्लिसरीन, डायएथिलीन ग्लायकॉल आणि मध्ये आपले सॅम्पल. पट्टी द्रावणाच्या भांड्यात उभी करायची. द्रावण थरातून वर चढते आणि ठिपके आपापल्या गतीने त्याच्यासोबत. पट्टी काढायची, वाळवायची, रसायन फवारायचे, डाग उमटतात. सॅम्पलच्या रांगेत ग्लायकॉलच्या उंचीला डाग दिसला की ड्रम नाकारायचा. एका दुपारचे काम. अचूक आकडा हवा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी आहे. कच्चा माल तपासून घेणे कायद्याने सक्तीचे आहे. जिथे मुले गेली तिथे ज्ञान कमी पडले नव्हते. ड्रम न तपासता ओतला गेला, आणि तपासायला भाग पाडणारे कुणी आले नाही. ही चूक म्हणून सोडून देता येणार नाही, हा गुन्हा आहे.

*

दुसरी बाजूही नोंदवतो. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरना देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा हजारांच्या पुढे होती. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांची पूर्वतपासणी करून यादी जाहीर करण्याची योजना सुरू केली. स्वस्त औषध म्हणजे हलके औषध ही शंका त्या यादीने बरीचशी दूर केली, आणि भारतीय गोळ्या आफ्रिकेतल्या लाखो घरांत पोचल्या.

*

पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मागे पाहिलेले. लाकडी खण, तागाची पोती, ज्येष्ठमधाचा गोडसर वास. एक बाई अशोकाची साल मागत होत्या.

“काका, अशोकाची साल द्या पावशेर.”

“साल आहे, पण अशोकाची म्हणून देणार नाही, ताई. बाजारात येते तिच्यात आसुपालवाची मिसळ फार. वैद्यांनी दिली असेल तर त्यांच्याकडूनच तयार अरिष्ट घ्या.”

गिऱ्हाईक गेले. काकांनी पुढची पुडी बांधायला घेतली.

*

वाचकांना विनंती आहे. लहान मुलांना खोकल्याचे सिरप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. सर्दीखोकल्याच्या काही मिश्रणांवर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापलेलाच असतो, तो वाचा. औषधाचे बिल घ्या आणि बिलावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. औषध संपेपर्यंत खोका फेकू नका. गोळ्यांची पट्टी कापताना क्रमांकाची बाजू शेवटी ठेवा. संशय आला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देता येते. औषधाने विपरीत परिणाम झाला असे वाटल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, कुणीही कळवू शकतो.